मंगलची गुळतुला

इन्शुलिन सुरू करायचं म्हटलं की आमच्या दवाखान्यात पेशंट पहिला प्रश्न लगेच विचारायचे, सुई दुखते का? दुसरा प्रश्न विचारायला त्यांना आठ-पंधरा दिवस लागायचे, आणि तो ते डॉक्टरसाहेबांना कधीच विचारत नसत. साहेब केबिनमध्ये गेले की माझ्या टेबलाशी यायचे, इकडेतिकडे बघायचे आणि आवाज खाली आणून म्हणायचे, "सिस्टर, यानं अंग सुटतं म्हणतात, खरं का?"

या अंकाच्या संपादकबाईंनी 'तुमच्या नोकरीतलं काहीतरी लिहा' असा निरोप धाडला, तेव्हा मला हा दुसरा प्रश्नच आठवला. फराळाच्या ताटाशेजारी ठेवून वाचायच्या अंकात साखरेच्या आजारावर लिहायला लावणारी बाई धाडसीच म्हणायची. वाचकांनी करंजी जरा जपून खावी, एवढं सांगून सुरुवात करते.

मी गायकवाड सिस्टर. सत्तरच्या दशकात नाशकातल्या एका खासगी दवाखान्यात लागले आणि पुढची सगळी उमेदीची वर्षं तिथंच घालवली. जखमा बांधणं, सलाइन लावणं हे सगळं होतंच, पण माझी खरी ओळख 'सुई शिकवणारी सिस्टर' अशी होती. तेव्हा आतासारखी वापरून फेकायची सुई नव्हती. काचेची सिरिंज, स्टीलची सुई, आणि ते दोन्ही रोज भांड्यात उकळून घ्यायचं. दुधाळ इन्शुलिनची बाटली हलवायची नाही, दोन तळव्यांमध्ये हळू घोळवायची. फ्रीज कुणाकडे होते? बाटली ओल्या वाळूच्या मडक्यात, पाण्याच्या माठाशेजारी ठेवायची. लघवीतली साखर घरच्या घरी बघायला एक निळं औषध मिळायचं. परीक्षानळीत ते घ्यायचं, वर लघवीचे थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळंच राहिलं तर उत्तम, हिरवं-पिवळं झालं तर साखर आहे, आणि विटेसारखं लाल झालं तर मला ताबडतोब येऊन भेटायचं. सुई टोचायचा सराव मी मोसंबीवर करून घ्यायची. नाशिक झालं म्हणून काही द्राक्षावर सुई शिकवता येत नाही.

आता त्या दुसऱ्या प्रश्नाचं. वजन वाढतं हे खरंच आहे, आणि का वाढतं ते मी पेशंटना असं सांगायची. आजार अंगात मुरलेला असतो तेव्हा खाल्लेलं अन्न साखर होऊन लघवीवाटे निघून जातं. माणूस चार भाकरी खातो आणि तरी वाळतो, कारण पिंप तळाशी फुटलेलं असतं. इन्शुलिननं ते भोक बुजतं. मग त्याच चार भाकरी अंगी लागायला लागतात. त्यातलं बरंचसं वजन आपलंच असतं, आजारानं नेलेलं आणि आता परत आलेलं. सुरुवातीला अंगात थोडं पाणीही धरतं, पाय जरा भरल्यासारखे वाटतात, मग ते ओसरतं. त्यापुढे वाढलं तर ताटाकडे बघायचं.

आणि ताटात काय काय असायचं म्हणता! सातपूरच्या एका कारखान्यातले फोरमन आमच्याकडे यायचे. पट्ट्याला नवी भोकं पाडून घेतली होती आणि ती मला दाखवून भांडायचे की तुमचं औषध निकृष्ट आहे. मी विचारलं, "सुई घेतल्यावर काय घेता?" ते म्हणाले, "काही नाही, फक्त पेलाभर दूध. त्यात तूप घालतो. सुई गरम पडते ना!" ही 'सुई गरम पडते'ची समजूत घरोघर होती. शिवाय चक्कर येईल या भीतीनं माणसं आधीच लाडू खाऊन ठेवायची. साखर खरंच उतरली, घाम फुटला, हात थरथरले, तर साखर खायलाच हवी. पण ती चमचा-दोन चमचे, लाडवाचा डबा नव्हे. फोरमनसाहेबांचं तूप मी बंद केलं. पट्ट्याच्या जुन्या भोकावर ते परत आले, आणि सगळं श्रेय त्यांनी सकाळच्या फिरण्याला दिलं.

पण मला सांगायचंय ते मंगलचं.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. अंबडला कारखाने नुकते उभे राहत होते, सातपूर मात्र तिन्ही पाळ्यांत धडधडत होतं. मंगलचा नवरा भास्कर तिथंच एका कारखान्यात लेथवर होता आणि दोघं जवळच्या कॉलनीत एका खोलीत राहायची. मंगलचं माहेर सटाण्याजवळच्या एका गावात. वडिलांना सगळे आप्पा म्हणत. घरची कांद्याची शेती, शिवाय गावातल्या लोकांचा कांदा तोलून घ्यायचा आणि सटाण्याच्या बाजारात न्यायचा, हा त्यांचा धंदा. मंगल माहेरी गेली होती तेव्हा तिथंच तिची शुद्ध हरपायला लागली. आप्पांनी तिला एस.टी.त घातलं, नाशकाच्या स्टँडवर उतरवलं आणि तसंच आमच्या दवाखान्यात आणलं. वय असेल बावीस-तेवीस. डोळे खोल गेलेले, गालांची हाडं वर आलेली. साहेबांनी तिला ओळखीच्या हॉस्पिटलात दाखल केलं, आणि ती वाचली.

ती सावध झाल्यावर साहेब आप्पांना आजार समजावत होते. रोज सुई, जन्मभर, आणि गोड बंद. गोड बंद म्हटल्याबरोबर आप्पांचा चेहरा उतरला.

"साहेब, मी तर एस.टी.मध्ये देवीला बोलून बसलो. पोर उठली तर चैताच्या यात्रेत तिच्या वजनाइतला गूळ वाटसू."

"गुळाची तुला?" साहेब म्हणाले. "अहो आप्पा, तिला साखरेचा आजार आहे!"

"मला काय ठाऊक साहेब, आजार असा गोड शे! आता देवीला म्हनू का, गुळाऐवजी शेंगदाणे घे म्हनून? ऐकील का ती?"

साहेब फार हसणारे नव्हते, पण त्या दिवशी त्यांना केबिनमध्ये जाऊन हसावं लागलं. मग बाहेर येऊन त्यांनी निकाल दिला, की तोलायला हरकत नाही, खायला आहे. आप्पांचं समाधान झालं.

सुई मंगल पटकन शिकली. हात स्थिर, नजर बारीक. मोसंबीचे दिवस संपवून दोन-तीन दिवसांतच स्वतःच्या मांडीवर आली. दर पंधरवड्याला ती तपासायला यायची, आणि दवाखान्याच्या दाराशी वजनाचा काटा होता, त्यावर प्रत्येकाला उभं राहावंच लागायचं. अंगात जीव भरत होता, गालांवर तकाकी आली होती. आम्ही खूश. काटा पुढं सरकला की मी मोठ्यानं म्हणायची, "वा मंगल, शाब्बास!" काट्यावर चढण्याआधी ती चपला काढायची, पिशवी खाली ठेवायची, रुमालाची घडीसुद्धा माझ्या टेबलावर ठेवायची. एकदा तिचा हात गळ्यातल्या मंगळसूत्राकडे गेला आणि तिथून परत आला. मला गंमत वाटली. शाब्बास म्हटल्यावर तिचा चेहरा खुलायच्या ऐवजी मिटतो, याकडे माझं लक्ष होतं, पण कारण काही सापडत नव्हतं. विचारलं तर म्हणायची, "काय नाय, सिस्टर."

चैत्र जवळ आला. मंगलचा तपासायला यायचा वार होता, पण ती आली नाही. तिच्याऐवजी भास्कर आला, मित्राची मोटारसायकल घेऊन, हातात माझ्यासाठी आमंत्रण.

"सिस्टर, यात्रेला यायचंच हां. आप्पांनी खास सांगितलंय. गुळतुला बघायला तुम्ही पायजेच."

"मंगल का नाही आली?"

"तिचे उपास चालू हायेत ना, नवसाचे. पाणी अन् एखादं केळं, बाकी काय नाय. लय कडक धरलेत." भास्करच्या आवाजात बायकोचा अभिमान होता.

"आणि सुई?"

"जेवणच नाय तर सुई कशाला? सुई जेवणासाठी असती ना? तीच म्हणाली मला."

त्याचं तरी काय चुकलं? अन्न खाल्लं की साखर होते, साखरेसाठी सुई लागते, हे आम्हीच घोकून घेतलेलं. मग अन्न नाही तर सुई नाही, हा हिशेब कुणालाही बरोबर वाटेल. पण मंगलसारख्या पेशंटच्या शरीरात इन्शुलिन जवळजवळ तयारच होत नाही. उपाशी राहिली तरी तिला ते लागतंच. ते नसलं की शरीर स्वतःचीच चरबी जाळत सुटतं, त्याचं विष रक्तात चढतं, आणि माणूस पुन्हा त्या एस.टी.तल्या अवस्थेला जातो. मी साहेबांच्या कानावर घातलं आणि भास्करच्या मागे मोटारसायकलवर बसले. त्याला वाटेत फार काही सांगितलं नाही, फक्त गाडी जोरात घे म्हटलं.

खोलीत मंगल चटईवर पडलेली. ओठ कोरडे, श्वास खोल आणि भरभर, खोलीत जास्त पिकलेल्या फळासारखा वास. शेजारच्या बायका दाराशी कौतुकानं उभ्या होत्या, देवीचं करते म्हणून. मला बघून तिनं डोळे उघडले आणि हसली.

"सिस्टर, बघा ना. ब्लाउज सैल झाला."

मला त्या क्षणी तिचा इतका राग आला, आणि इतकं भरून आलं, की मी कुणावर तरी ओरडले. बहुतेक शेजारणींवरच.

ती पुन्हा हॉस्पिटलात गेली. सलाइन, इन्शुलिन, सगळं वेळेवर झालं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ती उशीला टेकून बसली. भास्कर चहा आणायला गेला होता. मी तिच्या कॉटवर बसले.

"खरं सांग मंगल. उपास देवीसाठी होते?"

ती पांघरुणाचा दोरा काढत बसली. मग म्हणाली, "थोडे देवीसाठी."

"आणि बाकीचे?"

"बाकीचे काट्यासाठी."

मग तिनं सांगितलं. लहानपणापासून ती अंगानं भरलेली. लग्नात तिला पाटावर बसवलं तेव्हा सासरचं कुणीतरी म्हणालं, अजून एक पाट आणा रे. सगळा मांडव हसला. "मी बी हसले, सिस्टर. काय करणार? तेव्हापासून सासरी तीच थट्टा. जाऊबाई तर मला दारातून आडवी होऊन ये म्हणायच्या."

"मग?"

"मग त्या आजारात मी बारीक व्हायला लागले. आजार हाय हे कुणाला ठाऊक? हळदीकुंकवाला गेले तर त्याच बायका म्हणाल्या, मंगल, काय शेलाटी झालीस, काय सुंदर दिसतीस. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी सुंदर म्हणलं, सिस्टर. आणि तुम्ही म्हणता, तो आजार होता."

मग ती म्हणाली, "सुई लागली अन् पुन्हा सगळं भरून आलं. ब्लाउजच्या शिवणी उसवल्या. आता यात्रेत समदं गाव बघणार, सासरचे बी येणार. एका पारड्यात मी, एका पारड्यात गूळ. जाऊबाई म्हणाल्या, आप्पांना सांग, गूळ बैलगाडी भरून आणा."

माझ्या टेबलाशी येऊन अंग सुटण्याचा तो प्रश्न विचारणारे किती तरी जण पुढं अचानक यायचे बंद झाले. गाव बदललं असेल, दुसरा डॉक्टर धरला असेल, असं आम्ही समजायचो. त्यातल्या कितींनी आरशात बघून सुई सोडली असेल, हा विचार त्या कॉटवर बसल्यावर पहिल्यांदा माझ्या मनात आला, आणि अजूनही तो मला सोडत नाही.

मी मंगलला म्हटलं, "हे बघ, मी तुला खोटं सांगणार नाही. सुई घेतलीस तर तू काही त्या हळदीकुंकवाच्या वेळी होतीस तेवढी बारीक राहणार नाहीस. तेव्हा तू छान दिसत असशील, पण आतून झिजत होतीस. दर आठवड्याला थोडी थोडी संपत चालली होतीस, आणि त्या बायका त्यालाच नावाजत होत्या. त्यांना तरी काय कळणार?"

"मग वजन असंच वाढत राहणार?"

"असंच नाही. जेवढं गेलं होतं तेवढं येईल, मग थांबेल. त्याच्यापुढं वाढलं तर आपण बघू ना. आता सांग, दिवसभरात काय खातेस?"

खोदून विचारल्यावर कळलं, की चक्कर येऊ नये म्हणून ती रोज सकाळी सुईआधी शेंगदाण्याचा लाडू खायची, आणि संध्याकाळी भास्कर पाळीवरून येईपर्यंत भीतीनं आणखी एक. आप्पांनी माहेरून डबा भरून पाठवला होता. आम्ही दोघींनी बसून ठरवलं. लाडू बंद, त्याऐवजी वेळच्या वेळी जेवण. भाकरी ठरलेली, भाजी हवी तेवढी. पदराला साखरेची पुडी, पण ती घाम फुटला तरच उघडायची. संध्याकाळी त्र्यंबक रस्त्यापर्यंत चालून यायचं, भास्करला घेऊन. सुईचं माप कमी-जास्त करायचं ते साहेबांनीच, आपल्या मनानं एक रेघसुद्धा नाही. आणि वजनाचं काही मनात आलं तर आधी माझ्याकडे यायचं.

"आणि उपास?" मी म्हटलं. "उपास आता कायमचे बंद."

"देवी रागावंल."

"देवीला मी सांगते."

"तुम्ही तर देवी मानतच नाय, सिस्टर. तुमच्या घरी बुद्धाचा फोटू हाय."

"म्हणूनच मी सांगितलेलं बरं. माझ्यावर रागावून तिला काय मिळणार?"

ती हसली. मग माझा हात धरून म्हणाली, "तेवढं आप्पांना पण सांगा. गुळाची तुला नको म्हणावं."

दुसऱ्या दिवशी आप्पा आले. मी त्यांना व्हरांड्यात बाकावर बसवलं आणि जमेल तसं सांगितलं. मंगलला वजनाची लाज वाटते म्हटल्यावर ते माझ्याकडे बघतच राहिले. आयुष्य तराजूशी गेलेलं. त्यांना ती गोष्ट कोणत्या बाजूनं धरावी तेच कळेना.

"वजनाची लाज? ताई, माल कमी भरला तर लाज वाटती. जास्त भरला तर कसली लाज?"

"पोरींचं वेगळं असतं, आप्पा."

ते टोपी काढून गुडघ्यावर ठेवून बसले. मग उठले, आत गेले आणि मंगलच्या कॉटशी उभे राहून म्हणाले, "तुझी मर्जी नसंल तर नाही करनार. देवीपुढं मी कान धरसू. तू फक्त सुई सोडू नको, माय."

आप्पा तिच्यापुढं हात जोडायला निघाले होते. मंगलनं ते बघितलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. ते गेल्यावर ती मला म्हणाली, "माझ्यापायी आप्पा गावासमोर कान धरणार? त्यापरीस बसते मी काट्यात." तिनं होकार दिला, पण तिची भीती काही गेली नव्हती. ते तिच्या आवाजावरून समजत होतं.

यात्रेच्या दिवशी मी सकाळच्या एस.टी.नं गेले. माहेरच्या स्वयंपाकघरात मंगलनं माझ्यासमोर सुई भरली, डोळ्यांपाशी धरून रेघ बघितली, टोचून घेतली आणि ठरलेली भाकरी खाल्ली. त्याबाबतीत आता मला शंका नव्हती. पण हिरवं लुगडं नेसून ती देवळाकडे निघाली तेव्हा पदर दोन्ही खांद्यांवरून इतका ओढून घेतला होता, की उन्हात बघणाऱ्यालाच घाम यावा.

देवळासमोर आप्पांचा कांद्याचा काटा उभा केला होता. तीन जाड वाशांची तिकाटी, मधोमध लोखंडी दांडी आणि दोन्ही टोकांना साखळदंडानं टांगलेल्या लाकडी फळ्या, जमिनीपासून हातभर उंच. एका फळीवर मंगल बसली, पाय खाली सोडून. दुसऱ्या फळीवर भास्कर आणि आप्पांचा पुतण्या गुळाच्या ढेपा ठेवायला लागले. सनई-डफ वाजत होते. गाव गोळा झालेलं. सासरची माणसं पुढंच उभी होती, आणि जाऊबाई शेजारणीच्या कानाशी लागून काहीतरी म्हणाली. शेजारीण पदर तोंडाशी धरून हसली. मंगलनं ते बघितलं.

ढेपा चढत गेल्या. दांडी डुलली, सरळ झाली. पुतण्या ओरडला, "बरोबर शे, आप्पा! काटा बरोबर!" डफ जोरात वाजायला लागले. मला वाटलं, झालं एकदाचं, सुटली पोर.

पण आप्पा जागचे हलले नाहीत. ते दांडीकडे बघत नव्हतेच. त्यांनी गुळाकडे एकदा बघितलं, मंगलकडे बघितलं.

"इतलंच?" ते म्हणाले. "नाही."

ते तिच्या पारड्यापाशी गेले आणि खाली वाकले. मी जवळच उभी होते म्हणून मलाही दिसलं. लुगड्याच्या काठाखाली मंगलचा एक पाय जमिनीला टेकलेला होता. पायाच्या बोटांवर ती स्वतःला वर तोलून धरत होती. त्या बोटांची नखं पांढरी पडली होती. बाजारात तराजूला पाय लावणारे आप्पांनी जन्मभर बघितले असणार, पण ते सगळे माल जास्त भरावा म्हणून.

आप्पा तिच्या पायाशी उकिडवे बसले. गावाला पाठ, आवाज अगदी हळू. मला आणि तिलाच ऐकू जाईल एवढा.

"मंगल, मी रोज कांद्याच्या गोण्या उचलस. गेल्या साली तुला एस.टी.तून उतरवली ना, तवा गोणीइतला बी भार नव्हता तुझा. हातांना काही लागतच नव्हतं. मला वाटलं, पोर गेली, मी नुसतं लुगडं उचललं." त्यांनी तिच्या त्या पायावर हात ठेवला. "आज भार आलाय. तो मला बघू दे. पाय उचल, माय."

मंगलनं त्यांच्याकडे बघितलं. मग तिनं पाय उचलला, दुसराही वर घेतला, आणि लुगडं सावरून फळीवर चांगली मांडी घालून बसली. पारडं धप्पकन खाली आलं आणि समोरचा गूळ वर गेला. गर्दीत कुणीतरी 'आं' केलं. जाऊबाईचं तोंड उघडलं, पण त्याआधीच आप्पा उठून उभे राहिले आणि मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं एवढ्या मोठ्यानं ओरडले, "आन रे गूळ! बघतोस काय? अजून आन!"

भास्कर ढेप आणायला धावला, त्याच्यामागे पुतण्या धावला. गावानं देवीचा जयजयकार केला. मंगल मांडी घालून बसली होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ती हसत होती. खांद्यावरचा पदर कधी घसरला ते तिला कळलंसुद्धा नाही. दांडी पुन्हा सरळ झाली तरी आप्पांनी वर आणखी एक भेली ठेवलीच. ती कशासाठी म्हणून कुणी विचारलं नाही.

मग कोयत्यानं ढेपा फोडल्या आणि गूळ वाटला. सगळ्या गावानं खाल्ला, जाऊबाईनंही पदरात घेतला. मंगलच्या वाट्यालाही कुणीतरी खडा दिला. तळहातावर तो धरून ती गर्दीतून माझ्यापाशी आली.

"सिस्टर, मला चालत नाय. माझ्या वाटचा तुम्ही खा."

मी देवीचा प्रसाद खाणारी बाई नव्हे. पण हा गूळ देवीचा होता असं मला काही वाटेना. तो मंगलच्या वजनाचा होता. मी तो तिच्या हातावरून उचलला आणि तिच्यासमोर, उभ्याउभ्या, सगळा खाल्ला.